आधी नुसता रस्सा

मांगाराई हे जाकार्तातलं गजबजलेलं जंक्शन. बोगोरहून येणारी लोकल आणि बेकासीकडून येणारी लोकल इथे भेटतात, त्यामुळे भरदुपारीसुद्धा जिन्यावर माणसाला माणूस लागलेला असतो. स्टेशनातून बाहेर पडून मागच्या गल्लीत शिरलं की ताडपत्रीखाली एक हातगाडी दिसते. पुढे दोन लांब बाकं, प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ घातलेलं अरुंद टेबल, कुरडयांसारख्या क्रुपुकने भरलेला पत्र्याचा डबा आणि कापडी फलकावर हाताने रंगवलेली दोन शब्दांची पाटी: सोतो बेतावी, म्हणजे जाकार्तातल्या बेतावी समाजाचा, नारळाच्या किंवा गाईच्या दुधातला गाईच्या मांसाचा रस्सा. गाडीवरच्या काचेच्या कपाटात उकडलेल्या मांसाचे तुकडे प्रकारवार रचलेले असतात. खाली इंडोनेशियात घरोघरी दिसणारा तीन किलोचा हिरवा सिलिंडर, वर मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं. नोकरीनिमित्त या शहरात आल्यापासून मी सोतो बेतावी पुष्कळ ठिकाणी खाल्ला, एसीच्या गारव्यात चिनी मातीच्या वाडग्यातूनही खाल्ला. पण तो खायचा कसा, हे मला या बाकावर बसल्यावर समजलं.

बसलं की गाडीवाल्या बांगचा पहिला प्रश्न येतो, "आत काय घालू, बू?" बेतावी माणसाला इथे सगळे ‘बांग’ म्हणजे दादा म्हणतात आणि माझ्या वयाच्या बाईला ‘बू’. हा प्रश्न घाईत उडवून लावण्यासारखा नाही, कारण पुढचं सगळं जेवण त्यावर ठरतं. ज्यांना फक्त मांस हवं ते ‘दागिंग साजा’ म्हणतात. ज्यांना सगळं हवं ते ‘चाम्पुर’ म्हणतात, आणि मग गाईचं मांस, वजडी, आतडी, फुफ्फुस, पायाचा चिकट भाग, कधी काळीज, कधी तिल्ली असं सगळं थोडं थोडं वाडग्यात पडतं. मी वसईची. आमच्या घरी नाताळात सोरपोटेल शिजतं, त्यात काळीज आणि हृदय बारीक चिरून घातलेलं असतं. त्यामुळे आतल्या अवयवांचं मला कधी वावडं नव्हतं. तरी फुफ्फुस मात्र मी इथेच पहिल्यांदा आवडीने खाल्लं.

ते आवडण्याचं कारण त्याच्यावर घेतलेल्या कष्टांत आहे. फुफ्फुस हा हवेने भरलेला स्पंजसारखा अवयव. नुसतं उकडलं तर दाताखाली रबर येतं आणि वास राहतो. म्हणून ते आलं, गवती चहाचे दांडे आणि पानं घालून आधी वेगळं उकडतात, ते पाणी फेकून देतात, गार झाल्यावर पातळ काप करतात आणि गिऱ्हाइकाने मागितल्यावर गरम तेलात सोडतात. बाहेरची कड कुरकुरीत होते, आत थोडा मऊपणा राहतो. रश्श्यात पडल्यावर हा काप मिनिटभर कुरकुरीत राहतो, मग सगळा रस्सा शोषून घेतो. या दोन्ही अवस्थांत तो खाऊन बघावा. वजडीचं उलट आहे. तिच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या खाचांत रस्सा आधीपासूनच साठलेला असतो, तिला तळायची गरज नाही. पायाचा भाग, ज्याला इथे किकिल म्हणतात, तो तासन्‌तास शिजून इतका मऊ होतो की चमच्यानेच तुटतो. बांग मांस नेहमी विचारून तळतो: उकडलेलं की तळलेलं? मी म्हणते, मांस उकडलेलं, फुफ्फुस तळलेलं. तो मान हलवतो आणि लाकडी ओंडक्यावर सुरी आपटायला लागते.

पातेल्यातला रस्सा मात्र सकाळीच तयार झालेला असतो. मी एकदा लवकर गेले तेव्हा त्याने तो बनवतानाही बघू दिला. हाडं आणि छातीकडचं चरबीचं मांस पहाटेपासून मंद आचेवर. दुसरीकडे छोटे लाल कांदे, लसूण, आलं, कोळिंजन, धणे, जिरं, पांढरी मिरी आणि केमिरी नावाचं तेलकट बी असं वाटण. ते परतायला त्याने तेलात चमचाभर मिन्याक सामिन, म्हणजे आपलं तूप, घातलं. सोतो बेतावीतला तुपाचा हात अरब आणि भारतीय व्यापाऱ्यांकडून आलेला मानतात, आणि इतर सोतोंपासून त्याचा वास वेगळा पडतो तो इथूनच. मग दालचिनी, लवंग, जायफळ, सालाम नावाची पानं, खडबडीत सालीच्या लिंबाची पानं. हळद त्याने घातली नाही. रस्सा शेवटी फिक्या मलईच्या रंगाचा झाला, वर तुपाचे पिवळसर ठिपके.

नारळाचं दूध सगळ्यात शेवटी. ते घातल्यावर बांगने आच बारीक केली आणि डाव हातातून ठेवलाच नाही. डावभर रस्सा उंच उचलायचा, परत ओतायचा, पुन्हा उचलायचा. असं सतत हलवत राहिलं नाही तर नारळाचं दूध फुटतं आणि चोथा वर येतो. ही काळजी कोकणात कुणालाच शिकवावी लागत नाही. माझी आईसुद्धा नारळाच्या दुधातलं कालवण चुलीवर असताना दाराची बेल वाजली तरी उठत नसे.

काही ठिकाणी नारळाऐवजी गाईचं दूध घालतात, काही ठिकाणी दोन्ही. कुठलं अस्सल, यावर जाकार्तात माणसं जेवणापेक्षा जास्त वेळ घालवतात. जुने बेतावी बहुतेक नारळाच्या बाजूचे. मात्र दुधाची बाजूही उपरी म्हणून झटकण्यासारखी नाही. आज जिथे दूतावास आणि काचेच्या इमारती आहेत त्या कुनिंगान भागात आणि शेजारच्या माम्पांगमध्ये एके काळी बेतावींचे गाईंचे गोठे होते. दूध विकणं हा त्यांचा पिढीजात धंदा. शहर वाढलं तसे 1990 च्या दशकात यातले बरेच गोठे पूर्वेला पोंडोक रांगोनकडे हलवले गेले. ज्या समाजाच्या अंगणात गाय दुभती होती त्याने आपल्या रश्श्यात दूध घातलं, यात मला काही खोटं वाटत नाही. चवीपुरतं बोलायचं तर दुधाचा सोतो हलका, गोडसर आणि लगेच आवडणारा. नारळाचा जड, आणि पहिल्या घोटाला थोडा अनोळखी. मला नारळाचाच हवा असतो, कारण पुढे लिंबाला त्याच्याशी झगडायला जागा मिळते.

आता वाडगा समोर आला. तळाशी मांस, वजडी, फुफ्फुस, तळलेल्या बटाट्याचे तुकडे, टोमॅटोच्या फोडी. वर रस्सा, कांद्याची हिरवी पात, सेलेरीची चिरलेली पानं, तळलेल्या कांद्याचा चुरा. भात वेगळ्या ताटलीत, त्यावरही तळलेला कांदा. एका बशीत जेरुक लिमाऊ, म्हणजे गोटीएवढी गडद हिरवी लिंबं. एका वाटीत सांबल, म्हणजे मिरच्यांची चटणी. दुसरीत काकडी, गाजर, छोटे कांदे आणि अख्ख्या हिरव्या मिरच्यांचं व्हिनेगरमधलं आचार. कागदी पिशवीत एम्पिंग, म्हणजे बिया चपट्या करून तळलेल्या कुरकुरीत चकत्या. काळ्या गोड केचापची, म्हणजे इथल्या सोया सॉसची, बाटली टेबलावर असतेच. दणकट पेल्यात बिनसाखरेचा कोमट चहा.

मी लिंबाकडे हात नेला तेव्हा शेजारी बसलेले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "बू, आधी नुसता रस्सा." त्यांच्या आवाजात दटावणी नव्हती. माझ्याशी ओळख नसताना त्यांना माझं जेवण नीट व्हावं असं वाटत होतं, इतकंच. मी चमचाभर रस्सा घेतला. नारळ, हाडांचा अर्क, तूप, मागून पांढऱ्या मिरीचा हलका चटका. मीठ अगदी बेताचं, आंबट काहीही नाही, तिखट तर मुळीच नाही. चांगला, पण अर्धवट. "कळलं ना, काय काय कमी आहे?" त्यांनी विचारलं. कळलं होतं.

गाडीवरचा सोतो मुद्दामच अपुरा ठेवलेला असतो. रांधणारा त्याचं अर्धं काम करतो आणि उरलेलं अर्धं टेबलावर मांडून ठेवतो. मॉलमधल्या उपाहारगृहात मला मिळालेला वाडगा आधीच आंबट-तिखट करून, वर एम्पिंग खोचून आला होता. दिसायला देखणा, पण एम्पिंग माझ्यापर्यंत पोचेस्तोवर नरम झालेलं आणि लिंबाचा वास उडून गेलेला. तिथे मला करायला काही उरलंच नव्हतं.

रस्सा चाखून झाला की लिंबू. जेरुक लिमाऊचा रस थोडाच निघतो, पण सालीच्या तेलाचा वास जबरदस्त, म्हणून ते वाडग्यावर धरूनच पिळायचं, साल खाली करून. नारळाच्या स्निग्धतेचा थर जिभेवर बसलेला असतो, त्याला आंबटपणा कापतो आणि मागचे मसाले अचानक वेगवेगळे ओळखू यायला लागतात. जिरं आधी, मग जायफळ. एक लिंबू पिळून चाखायचं, मग दुसऱ्याचा विचार. त्यानंतर सांबल. या गाडीवरचा सांबल उकडलेल्या मिरच्यांचा, बारीक वाटलेला, मीठ सोडून त्यात फारसं काही नाही. तो सगळा रश्श्यात ढवळू नये, असं त्या गृहस्थांचं म्हणणं. वाडग्याच्या एका कडेला ठेवायचा आणि चमचा तिथून फिरवत न्यायचा. मग काही घास तिखट होतात, काही निवांत. केचाप ते घालतच नाहीत. मी दोन थेंब घालते, फक्त तळलेल्या फुफ्फुसावर. त्यांनी ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

भाताचंही एक शिस्तीचं प्रकरण आहे. उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा, आणि काट्याने चमच्यात ढकलायचं, हे सगळ्या इंडोनेशियात. काही जण सगळा भात वाडग्यात उलटतात. बहुतेक जुनी गिऱ्हाइकं मात्र चमच्यात थोडा भात घेऊन तो चमचा रश्श्यात बुडवतात. भात रस्सा भराभर पितो आणि पिष्टाने तो घट्ट होतो, म्हणून बुडवलेला घास चांगला. मधेच आचारातला काकडीचा तुकडा तोंडात टाकायचा, तोंड स्वच्छ होतं आणि पुढचा घास नव्याने सुरू होतो.

एम्पिंगवर मला थोडं थांबायचं आहे. मेलिन्जो नावाच्या झाडाच्या बिया भाजून, सोलून, गरम असतानाच दगडावर ठोकून चपट्या करतात, वाळवतात आणि मग तळतात. शेजारच्या बांतेन प्रांतात हे काम घरोघरी बायका करत आल्या आहेत. एकेक बी हाताने ठोकायचं काम, दिवसभर बसून. चव किंचित कडू. या कडूपणाशिवाय सोतो बेतावी मला अपुरा वाटतो, कारण वाडग्यात गोड, आंबट, तिखट, खारट सगळं असतं, कडू फक्त हेच आणतं. अर्धं कोरडं खायचं, अर्धं अगदी शेवटी चुरून रश्श्यात टाकायचं आणि लगेच खायचं. युरिक ॲसिडचा त्रास असलेल्यांनी मात्र हात आवरावा. इथे सांधे दुखायला लागले की पहिला दोष एम्पिंग आणि आतड्या-वजडीला दिला जातो.

खाता खाता त्या गृहस्थांनी सोतो तांगकारचा विषय काढला. तो सोतो बेतावीचा थोरला भाऊ. तांगकार म्हणजे गाईच्या बरगड्या. डचांच्या काळात चांगलं मांस साहेबांच्या आणि जमीनदारांच्या स्वयंपाकघरात जाई, आणि साध्या माणसाच्या वाट्याला थोडंसं मांस चिकटलेल्या बरगड्या, डोकं, पाय, आतडी येई. त्या हाडांना नारळाचं दूध आणि मसाले लावून घरं जेवली. हे ऐकताना मी समोरच्या वाडग्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. फुफ्फुस दोनदा शिजवण्याची आणि किकिल तासन्‌तास मंद आचेवर ठेवण्याची ही सगळी कसब ज्यांना निवडीचा हक्क नव्हता त्यांनी मिळवलेली आहे. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

सोतो बेतावी हे नाव त्या मानाने कोवळं. 1977-78 च्या सुमारास जाकार्तातल्या लोकासारीच्या करमणूक उद्यानात सोतो विकणाऱ्या ली बुन पो या चिनी वंशाच्या विक्रेत्याने ते रूढ केलं, असं सांगितलं जातं. असे रस्से त्याआधीही विकले जात होतेच, पण ही पाटी त्याच्यामुळे पसरली. बेतावी मुसलमानांच्या घरचा रस्सा, त्यात अरबी वाटेने आलेलं तूप, आणि नाव गाजवणारा चिनी दुकानदार, यात जाकार्ताच्या माणसाला काहीच विशेष वाटत नाही. बेतावी हा समाजच असा घडला. 1619 मध्ये डच कंपनीने जयाकार्ता जाळून तिथे बाताविया वसवलं, आणि मग बाली, सुलावेसी, मलय मुलूख, चीन, अरबस्तान, भारताचे किनारे अशा ठिकठिकाणांहून माणसं आली किंवा गुलाम म्हणून आणली गेली. त्यांच्यातून पिढ्यान्‌पिढ्या मिसळत एक नवी जमात तयार झाली. 1930 च्या जनगणनेत ती वेगळी म्हणून नोंदली गेली.

त्या आलेल्यांत पोर्तुगीज बोलणारे ख्रिस्ती ‘मार्डायकर’ही होते, पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या आशियाई बंदरांवरून आलेले, त्यांतले बरेच भारताच्या किनाऱ्यांवरचे. उत्तर जाकार्तातल्या तुगू गावात त्यांचे वंशज अजून राहतात, अठराव्या शतकातलं त्यांचं चर्च उभं आहे आणि त्यांचं क्रोंचोंग संगीत सगळ्या देशात माहीत आहे. वसई 1534 ते 1739 पोर्तुगिजांकडे होती. तुगूच्या चर्चच्या अंगणात उभी असताना माझ्या मनात काय आलं असेल हे वसईकरांना सांगायला नको. सोतोच्या बाकावर मी हे बोलून दाखवलं तेव्हा गृहस्थ म्हणाले, "मग तुम्ही पाहुण्या कसल्या?"

बांगने मात्र भारत हा शब्द ऐकून वेगळाच विषय काढला: म्हशीचं मांस. 2016 पासून इंडोनेशियाने भारतातलं गोठवलेलं म्हशीचं मांस आयात करायला सुरुवात केली, गाईच्या मांसाच्या चढ्या किमतींना आवर घालण्यासाठी. बाजारात त्याला ‘केर्बाऊ इंडिया’ म्हणूनच ओळखतात. स्वस्त पडतं, रेंदांग (मसाल्यात आटवलेलं मांस) आणि बाक्सो (मांसाचे गोळे) करणारे पुष्कळ जण वापरतात. बांग वापरत नाही. गोठवलेलं मांस रश्श्याला ताजी चरबी देत नाही, असं त्याचं मत, आणि आतडी-फुफ्फुस तर त्याच दिवशीचंच हवं. पहाटे बाजारात जाऊन तो ते स्वतः निवडतो. मांसाचे भाव वाढले की तो वाडग्यातला तुकडा लहान करण्याऐवजी किंमत वाढवतो आणि गिऱ्हाइकाला आधी सांगतो. हे मला फार आवडलं.

भांडी धुवायची पद्धत पाहून नवा माणूस बिचकतो, कारण गाडीमागे दोन बादल्या एवढीच सोय असते. माझा हिशेब सरळ आहे: रस्सा उकळीच्या जवळ असावा, गर्दी असावी म्हणजे मांस पडून राहत नाही, आणि बर्फाऐवजी गरम चहा घ्यावा. सकाळी अकराच्या आसपास जावं. दुपारी दोननंतर फुफ्फुस संपलेलं असतं, आणि पातेल्याच्या तळाचा रस्सा खारट व्हायला लागतो.

पैसे द्यायला गाडीच्या काचेवर क्यूआरचा चौकोन चिकटवलेला आहे. 2019 मध्ये इथल्या मध्यवर्ती बँकेने सगळ्या देशासाठी एकच क्यूआर आणला, आणि आता अशा गाडीवरसुद्धा मोबाईल पुढे करतात. भातासकट वाडग्याचे चाळीस हजार रुपिया, म्हणजे आपले दोनशेच्या थोडे वर. चहाचे वेगळे लावत नाही.

घरी न्यायचं असेल तर बांग रस्सा जाड पिशवीत भरून रबरबँडने घट्ट बांधतो, मांस दुसऱ्या पिशवीत, सांबल, लिंबू आणि आचार इवल्या पुड्यांत. प्रत्येकाला तो एकच सूचना करतो: गरम करताना उकळी येऊ देऊ नका, हलवत राहा. तळलेलं फुफ्फुस तो बांधून देत नाही, वाटेत नरम पडतं म्हणून. मी नेते तेव्हा एम्पिंगची जास्तीची पिशवी मागून घेते, तिचे पाच हजार वेगळे पडतात.